पाठ केलेला तक्ता

पिंप्राळा, जळगाव
११ नोव्हेंबर २०२४

ती. नाना यांना मोहिनीचा नमस्कार.

वहिनीचा फोन आला होता. भाऊबीजेला बहीण आली नाही म्हणून तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत म्हणे. तुमच्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही. मी सांगते डोकं दुखतंय आणि तुम्ही म्हणता, हो हो, ये. एकतीस वर्षं एसटीच्या इंजिनाशेजारी बसून कान घालवलेत आणि ते कबूलही करत नाही. गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिकांच्या शिबिरात आवाज आला की बोट वर करायचं होतं, तर तुम्ही त्या मुलीचा मशीनवरचा हात बघून बोट वर करत बसलात आणि पास होऊन घरी आलात. वहिनीने मला सगळं सांगितलंय. तेव्हा आपलं पत्रच बरं.

तर न येण्याचं कारण. दीड वर्ष माझं डोकं दुखतंय, हे तुम्हाला माहीत आहे. आधी सायनस म्हणाले, मग अर्धशिशी, मग चष्म्याचा नंबर. पाळी अनियमित झाली तर वय झालं म्हणाले. अंगात त्राण नाही म्हटलं तर एका डॉक्टरांनी नवरा म्हणून योगराजना बाजूला घेऊन सांगितलं, बाईंनी मनाला लावून घेतलंय. नाकवाला नाक बघतो, डोळेवाला डोळे बघतो, मी पूर्ण बाई कुणाला दिसतच नाही. शेवटी मीच हट्ट धरून एमआरआय करून घेतला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्यापाशी पाण्याने भरलेली एक गाठ निघाली. चौदा मिलिमीटर. कॅन्सर नाही. ही जन्मापासूनचीच असते, कुणाची वाढते, कुणाची नाही, असं डॉक्टर म्हणाले. रक्त तपासलं तर थायरॉइड आणि आणखी एक हार्मोन कमी निघालं. म्हणजे थकवा मनाचा नव्हता. हे ऐकून मला गाठीचं दुःख होण्याऐवजी आनंदच झाला, इतकी मी वैतागले होते.

आता गोळ्या सुरू आहेत. डोळे तपासून घ्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा या, असं सांगितलंय. तुम्ही गावभर करू नका.

मोहिनी

ता.क. स्कूटरचा आरसा तुटला. फाटकाचा खांब लागला. त्याआधी एका रिक्षाने घासलं होतं.



धुळे
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

शिबिरातली गोष्ट तुझ्या वहिनीने तुला सांगायची काही गरज नव्हती. माझे कान मला पुरेसे आहेत. या घरात ऐकण्यासारखं कुणी काही बोलत नाही.

गाठ हा शब्द वाचून मी पत्र खाली ठेवलं. पाणी प्यायलो, मग पुढचं वाचलं. कॅन्सर नाही हे वाक्य तू आधी लिहायला हवं होतंस. चाळीस मुलांना निबंध शिकवतेस आणि स्वतःला कशानंतर काय लिहावं ते कळत नाही.

तुझी वहिनी म्हणते, नाकात रोज गाईच्या तुपाचे दोन थेंब सोड. मी तिला म्हटलं, गाठ मेंदूखाली आहे, नाकात नाही. ती म्हणाली, सगळं एकच असतं. तू काय करायचं ते कर.

पण स्कूटरचं काय चाललंय? सतरा वर्षं चालवतेस आणि स्वतःच्या फाटकाचा खांब दिसत नाही? मी तुला शिकवताना शंभरदा सांगितलं होतं, नजर समोर आणि लक्ष दोन्ही बाजूंना. तू आरशात बघत असशील तो केस नीट करायला. रिक्षावाल्याला नावं ठेवू नकोस. चूक तुझी असणार.

तुझा नाना



पिंप्राळा, जळगाव
२ डिसेंबर २०२४

ती. नाना यांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून इतका राग आला, की आठ दिवस उत्तर लिहिलं नाही. मी आजारी आहे आणि तुम्ही मला वाहन चालवायला शिकवताय.

डोळे तपासून आले. मोठ्या डॉक्टरांनी कसली तपासणी करायची ते चिठ्ठीवर लिहिलं होतं, ती चिठ्ठी घरीच राहिली. दवाखान्यात सव्वातीन तास बसले. मग त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. तुमच्या डेपोत असायचा तसाच. मी अगदी खालची बारीक ओळसुद्धा वाचली. डोळे उत्तम आहेत म्हणाले. म्हणजे डोळ्यांचा प्रश्न मिटला.

फक्त एक गंमत झाली. परवा वर्गात फळ्याकडून वळले आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. मुली हसल्या. उजव्या रांगेतली सपना सारखी हात वर करते आणि मी तिला विचारत नाही, अशी तिची आई तक्रार घेऊन आली. मला तिचा हात दिसलाच नव्हता. इतकं का माझं लक्ष उडालंय कळत नाही.

मोहिनी



धुळे
९ डिसेंबर २०२४

चि. मोहिनीस आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुला बोललो ते मागे घेतो. हे पत्र मिळताच योगराजरावांना समोर बसव.

दोन हातांच्या अंतरावर समोरासमोर बसायचं. तू फक्त त्यांच्या नाकाकडे बघायचं, डोळे हलवायचे नाहीत. एक डोळा हाताने झाकायचा. त्यांनी बोट हलवत कानाच्या बाजूने हळूहळू समोर आणायचं. दिसलं की तू सांगायचं. मग दुसरा डोळा. डेपोत एक म्हातारे डॉक्टर होते, ते तक्ता वाचून झाला तरी हे करायचे. ते म्हणायचे, तक्ता समोरचं सांगतो, गाडीखाली बाजूचं येतं. ते निवृत्त झाल्यावर हे कुणी केलं नाही.

तक्त्यावर माझा विश्वास नाही. का, ते विचारू नकोस. मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी शोध आणि त्यात लिहिलेलीच तपासणी करून घे. आणि आजपासून स्कूटरला हात लावायचा नाही.

नाना



पिंप्राळा, जळगाव
१४ मार्च २०२५

ती. नाना यांना नमस्कार.

मधे तुमची तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, माफ करा. सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं, नुसत्या खेपा चालल्या होत्या.

तुमचा बोटांचा प्रयोग त्याच दिवशी केला. योगराजचं बोट त्यांच्या गालापाशी आलं तेव्हा कुठे मला दिसलं. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूने तसंच. ते उठून गच्चीवर गेले. मी मात्र त्यांना मागून म्हटलं, तुमचा हात थरथरत होता.

मग ती चिठ्ठीतली तपासणी. एका पांढऱ्या भांड्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक दिवे चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. जानेवारीत केली तर कागदावर आलं, अहवाल भरवशाचा नाही. फेब्रुवारीत पुन्हा केली, पुन्हा तेच. परवा तिसऱ्यांदा. मी त्या तंत्रज्ञाला सुनावलं, की यंत्र बिघडलंय तर पाटी लावा, माणसांना कशाला उन्हातून बोलावता. शाळेतून रजा काढायची, योगराजनी भुसावळहून कामावरून लवकर यायचं, आणि हाती काय, तर भरवशाचा नाही.

दुसरा एमआरआयही झाला. गाठ सतरा मिलिमीटर झाली आहे. नाशिकच्या सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, गाठ साधी आहे पण बसली आहे वाईट जागी. तिच्या वरच दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. नसांवर दाब असेल तर नाकातून दुर्बीण घालून गाठ रिकामी करावी लागेल. बाजूची नजर शाबूत असेल तर थांबता येईल. सगळं त्या दिव्यांच्या तपासणीवर आहे, आणि ते यंत्र हे असं. आता एप्रिलमध्ये चौथ्यांदा जायचंय. कंटाळले मी, नाना. कुणाला जाब विचारायचा तेही कळत नाही.

मोहिनी



धुळे
२१ मार्च २०२५

मोहिनी,

यंत्र एकदा बिघडतं. तीनदा बिघडलं तर त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडे बघावं. तू दिवा दिसला नाही तरी बटण दाबतेस. अंदाजाने, ठराविक वेळाने. खोटं असेल तर हे पत्र फाडून टाक.

मला कसं कळलं ते आता सांगतो. हे मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. तिला हे पत्र पेटीत टाकायला देणार नाही, मीच टाकीन.

आमच्या डेपोत रुपचंद होता. तू त्याला पाहिलंस, तुझ्या लग्नात वऱ्हाडाची गाडी त्यानेच आणली होती. चाळिशी उलटल्यावर त्याला कमी दिसायला लागलं. दर वर्षी डोळ्यांची तपासणी व्हायची. नापास झाला की स्टिअरिंग सुटतं आणि डेपोत झाडू, नाहीतर टायर. ड्रायव्हरला ते मरणाहून वाईट वाटतं. आम्ही सगळेच तक्ता पाठ करायचो, गरज नसणारेसुद्धा. नव्या माणसाला गाडीच्या खोड्या शिकवाव्यात तसा जुना ड्रायव्हर तक्ता शिकवायचा. रुपचंदला मी शिकवला. ओळीने, उलटा, मधूनच विचारला तरी. तीन वर्षं तो पास झाला. पहिल्या वर्षी आम्ही कँटीनमध्ये भजी खाल्ली.

चौथ्या वर्षी पारोळ्याच्या अलीकडे त्याने एका सायकलवाल्याला घासलं. सायकलवाल्याचा पाय गेला. रुपचंद चौकशीत सांगत राहिला, माणूस नव्हताच, नंतर आला. सगळे म्हणाले खोटं बोलतोय. तो खरं बोलत होता. त्याला तो माणूस दिसलाच नव्हता. मग मोठ्या दवाखान्यात नेला तेव्हा कळलं, काचबिंदू. बाजूने खात खात मध्यापर्यंत आला होता. डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांपूर्वी आला असता तर थेंबांवर थांबवला असता.

तीन वर्षांपूर्वी तो पास झाला होता. पास झालेल्या माणसाला दवाखान्यात कोण पाठवतं?

आता त्याला काहीच दिसत नाही. नगावबारीला राहतो, माझ्या घरापासून तीन किलोमीटर. अठरा वर्षांत मी त्याच्याकडे गेलेलो नाही. कुणी विचारलं तर सांगतो, जमलं नाही.

तू लहान असताना मी ओसरीवर बसून तक्ता म्हणायचो आणि तू माझ्यामागे म्हणायचीस. तुला वाटायचं तो पाढा आहे. तपासणी अशीच पास करायची असते हे तू माझ्याकडूनच शिकलीस. म्हणून तुला रागावायला माझं तोंड नाही. पण हात जोडतो. जिथे दिसत नाही तिथे बटण दाबू नकोस.

नाना



पिंप्राळा, जळगाव
२९ मार्च २०२५

नाना,

पत्र फाडलं नाही.

मला भीती वाटते. नाकातून मेंदूपर्यंत कुणीतरी हत्यार घेऊन जाणार, आणि परत आलेली बाई मीच असेन का, ही भीती. योगराजना सांगता येत नाही, ते आधीच निम्मे झालेत. मनात हिशेब एकच होता, कागद चांगला आला की ऑपरेशन टळेल. मनात दोन मोजायचे आणि दाबायचं, दोन मोजायचे आणि दाबायचं. यंत्र माझ्याहून हुशार निघालं. त्याला दिवा न लावताही थांबता येतं, आणि तेव्हा दाबलं की खोटं पकडलं जातं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि मी त्या बिचाऱ्या तंत्रज्ञाला बोल बोल बोलले.

तीन महिने मी स्वतःच घालवले आणि डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत बसले. आता सगळा राग स्वतःचाच येतोय, तो कुठे ठेवू?

काल गेले. एप्रिलची तारीख मोडून मुद्दाम आधीची मागून घेतली. खरं खरं केलं. इतका वेळ बटण दाबलं नाही, की त्या तंत्रज्ञाने विचारलं, बाई, झोप लागली का? मी म्हटलं, नाही हो, दिसत नाहीये. एवढं म्हटलं आणि मला तिथेच रडू आलं. कागद आला तो दोन्ही बाहेरच्या बाजूंना काळा. खाली लिहिलंय, अहवाल भरवशाचा.

ऑपरेशन एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकला. तुम्ही येऊ नका. तुम्हाला तिथे कुणाचं काही ऐकू येणार नाही आणि तुम्ही सगळ्याला मान हलवाल.

मोहिनी



पिंप्राळा, जळगाव
१२ जून २०२५

ती. नाना यांना नमस्कार.

मी नाही म्हटलं तरी तुम्ही आलातच, आणि पाच दिवस वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून सगळ्याला मान हलवलीत. नर्सने विचारलं पेशंट तुमची कोण, तर तुम्ही सांगितलंत, जेवण झालं. योगराज अजून सांगतात आणि हसतात. त्यांना हसताना पाहून किती दिवस झाले होते.

दीड महिना लिहायला बसू दिलं नाही. खाली वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. शेजारी मिरच्या भाजायला घेतल्या की योगराज खिडक्या लावत धावायचे. पहिले काही दिवस तहान अशी लागायची, की तांब्यामागून तांब्या, आणि तितकंच बाहेर. सासूबाई म्हणाल्या, पाणी कमी द्या, म्हणजे जाणंही कमी होईल. बरं झालं योगराजनी आधी डॉक्टरांना विचारलं. पाणी तोडलं असतं तर मी गेलेच असते. ग्रंथीला धक्का बसला की असं होतं म्हणे. एका औषधाने पंधरा दिवसांत थांबलं.

गाठीतून घट्ट, पांढरं, साबुदाण्याच्या पेजेसारखं निघालं. तपासून आलं, साधीच. पण पुन्हा भरू शकते. दर वर्षी एमआरआय करायचा, गोळ्या कदाचित कायमच्या. म्हणजे सुटका अशी नाहीच, नुसती पुढची तारीख.

काल दिव्यांची तपासणी झाली. डावा डोळा जवळजवळ पूर्ण परत आला. उजव्याचा बाहेरचा वरचा कोपरा आलेला नाही. मी सर्जनना विचारलं, तीन महिने आधी केलं असतं तर आला असता का? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. मला त्यांनी हो म्हणायला हवं होतं, किंवा नाही. आता तो कोपरा मी जन्मभर विचारत राहणार.

सोमवारी शाळा उघडते. उजव्या रांगेतल्या मुलींना सांगणार आहे, नुसता हात वर करून भागायचं नाही, बाईंना हाक मारायची. स्कूटर अंगणात झाकून ठेवली आहे. विकायला मन होत नाही.

तुम्ही रुपचंदभाऊंकडे गेलात का?

मोहिनी



धुळे
२५ जून २०२५

चि. मोहिनीस आशीर्वाद.

तुझा कोपरा गेला त्यात माझाही वाटा आहे. तू नाही म्हणशील, पण आहे.

रुपचंदकडे गेलो. पत्र हातात होतं तेव्हाच निघालो, नाहीतर पुन्हा जमलं नसतं. तो खाटेवर बसला होता. मी आवाज दिला तर लगेच ओळखलं, अहिराणीत म्हणाला, "नाना, तू शे का?" एवढं मला कळलं, कारण तो तोंड वर करून बोलला. त्याच्या बायकोने, भागाबाईने, चहा ठेवला. मी त्याच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. तक्ता, भजी, काचबिंदू, माझं तीन किलोमीटरवर अठरा वर्षं न येणं. मोठ्याने सांगितलं असणार, कारण शेजारची बाई दारात आली होती.

तो मान खाली घालून काहीतरी बोलला. तीन-चार वाक्यं असतील. मला एक शब्द ऐकू आला नाही. तोंड खाली, ओठ दिसेनात. मी विचारलं, काय म्हणालास? तो तसाच खाली बघत पुन्हा बोलला. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली आणि मी नेहमीसारखी मान हलवली. त्याला मान कुठली दिसायची? तो माझ्या उत्तराची वाट बघत बसला आणि मी मान हलवत बसलो. चहा गार झाला. मग मी उठून आलो.

त्याने मला माफ केलं की शिव्या दिल्या, मला माहीत नाही.

परवा तुझ्या वहिनीला म्हटलं, चल कानाच्या दवाखान्यात. तिला वाटलं तीच चुकीचं ऐकतेय. काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला ते कानांवरचं लावलं. समोर काचेपलीकडे तीच शिबिरातली पोरगी होती. तिचा हात मशीनवर होता. मी डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर वहिनीने कागदावर लिहून दाखवलं, की ती पोरगी म्हणत होती, आजोबा झोपले का बघा, बोट वरच करत नाहीत.

कानातलं मशीन वीस दिवसांत येईल. आलं की आधी नगावबारीला जाणार आहे. तो त्या दिवशी काय म्हणाला, ते त्याला पुन्हा विचारायचं आहे.

तुझा नाना